हवेतलं हस्ताक्षर

बास्केटबॉलच्या सामन्यात खेळाडू चेंडू बघतात, आईबाप आपापलं पोर बघतात, क्रीडाशिक्षक घड्याळ बघतात आणि मी पंचांचे हात बघतो. वर्ध्यातल्या शाळांच्या सामन्यांना गुणलेखकाची खुर्ची माझ्याकडे आली ती खेळ कळतो म्हणून नव्हे, अक्षर बरं आहे म्हणून. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुठे बसवावं हा प्रश्न घरच्यांना पडलाच होता. एका क्रीडाशिक्षकांनी तो परस्पर सोडवला. तेव्हापासून पाऊस ओसरला, शालेय स्पर्धांचे दिवस आले, की मी बाजूच्या रेषेपलीकडे एका डुगडुगत्या टेबलामागे जाऊन बसतो. टेबलावर स्कोअरशीट, पहिल्या-तिसऱ्या सत्रासाठी लाल पेन, दुसऱ्या-चौथ्यासाठी निळं, आणि कागद उडू नये म्हणून एक धोंडा. पेनांचे रंग नियमपुस्तकात आहेत. धोंड्याची तरतूद आमची.

समोर अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद मैदान. त्यात फाउल झाला की कुणी केला, साधा की गंभीर, फ्री थ्रो द्यायचे की नाही, एवढं पंचानं हातांनी सांगायचं आणि मी कागदावर उतरवायचं. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. एका सत्रात संघाचे चार भरले की पाचव्यापासून समोरच्याला दोन-दोन फ्री थ्रो. म्हणजे माझ्या रकान्यात चुकीच्या नावापुढे एक अक्षर पडलं तर एखादं निरपराध पोर डोळे पुसत बाकावर जाऊन बसायचं. पंच तोंडानंही सांगतात, नाही असं नाही. पण शेजारच्या मंगल कार्यालयात वरात आलेली असेल तर बोललेलं पंचाच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचत नाही. हातावरच सगळी भिस्त.

त्यामुळे हवेतलं अक्षर वाचायची सवय लागली. प्रत्येक पंचाचं वेगळं. काही अगदी बाळबोध लिहितात. एकेक खूण सुटी, डोक्यावर रेघ दिल्यासारखी. काही मोडीत लिहितात. लेखणी उचलायचीच नाही, नंबर, फाउल, दिशा, सगळं एका फटकाऱ्यात. काहींची तर नुसती सही असते. सहीवरून नाव वाचता येत नाही हे बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको.

सगळ्यात अवघड म्हणजे आकडे. २०१४ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळाडूंचे नंबर ४ ते १५ एवढेच असत. एक, दोन, तीन ही बोटं पंचाला गुण, फ्री थ्रो आणि तीन सेकंद दाखवायला लागतात, गोंधळ नको म्हणून ते आकडे खेळाडूंना दिलेच नव्हते, असं जुने पंच सांगतात. मग नियम बदलला आणि शून्य, दोन शून्यं, एक ते नव्याण्णव, सगळी दारं उघडी झाली. त्याचा परिणाम आमच्याकडे असा, की खेळ बास्केटबॉलचा असला तरी पोरांना जर्सी हवी ७, १८ किंवा ४५. म्हणजे धोनी, कोहली आणि रोहित. एकाच संघात दोन कोहली येतात तेव्हा एकाच्या पाठीवर चिकटपट्टीनं आकडा बदलावा लागतो, आणि तो दुसऱ्या सत्रापर्यंत घामानं सुटतो.

दहापर्यंतचे आकडे तळहात टेबलाकडे करून दाखवायचे. अकरा ते पंधराला उजवी मूठ म्हणजे दहा आणि वरचे डाव्या हाताच्या बोटांवर. सोळापासून पुढे मात्र दोन हप्ते आहेत: आधी हाताची पाठ माझ्याकडे करून दशक, मग तळहात करून एकक. पंचेचाळीस दाखवायचे तर चार बोटं उलट्या हातानं, क्षणभर थांबायचं, मग पाच सुलट्या. तो थांबलेला क्षण खाल्ला आणि चार व पाच एकदम वर केले, तर टेबलावर नऊ दिसतात. असं एकदा झालं. पंचेचाळीस नंबरच्या पोरानं चांगला खांदा मारला आणि फाउल निघाला नऊ नंबरवर. नऊ नंबर त्या वेळी बेंचवर बसून बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेत होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाटलीकडे, आणि बाटली हळूच खाली ठेवली.

त्या दिवशीची पंच बी.पी.एड. करणारी एक मुलगी होती. नजर तिची चांगली. फाउल तिला दिसायचा, बहुतेक वेळा खराच असायचा. पण तिला वाटे, आपण पाहिलं म्हणजे झालं. आता पुढचं खातं टेबलाचं. मध्यंतरात येऊन विचारलंन, "काका, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, चार आणि पाच यांची तू बेरीज केलीस."

ही पोरगी मनावर घेणाऱ्यांतली निघाली. घरच्या कपाटाच्या आरशासमोर उभं राहून तिनं खुणा घोटायला सुरुवात केली. आरशात एक अडचण येते: उजवं डावं होतं. म्हणून तिनं धाकट्या भावाला टेबल केलं. खोलीच्या एका कोपऱ्यात तो पाटी घेऊन बसणार, दुसऱ्या कोपऱ्यातून ही शिट्टीशिवाय फाउल देणार, त्यानं दिसेल तो नंबर लिहायचा. लिहिलेलं चुकलं तर चूक हिची, असा करार. वर, बरोबर आलेल्या प्रत्येक दहा आकड्यांमागे त्याला एक गोरसपाक बिस्कीट. सुरुवातीला खर्च काहीच नव्हता असं ती सांगते. हळूहळू डबा रिकामा व्हायला लागला तेव्हा आईला कळलं, पोरगी सुधारते आहे.

काय बदललं ते मला टेबलावरून दिसत होतं. पूर्वी ती शिट्टी वाजवत पळत यायची आणि पळता पळताच खुणा करायची. आता आधी मूठ वर. मूठ वरच ठेवून टेबलाकडे येणं. मग अशा जागी थांबणं, की तिच्या आणि माझ्यामध्ये एकही उंच पोरगा नसेल. दोन्ही पाय जमिनीला टेकले की नंबर, मग फाउलची जात, मग शिक्षा. प्रत्येक दोहोंमध्ये एक श्वास. तोंडानं रंगही सांगायला लागली: "पांढरा, चार-पाच." एकूण वेळ पूर्वीपेक्षा दोनच सेकंद जास्त लागायचा, आणि भांडणं निम्म्यावर आली. (हे "निम्म्यावर" माझ्या मनाचं आहे, भांडणांचा रकाना स्कोअरशीटमध्ये नसतो.)

शिट्टीचंही तसंच. घाबरलेल्या पंचाची शिट्टी विचारल्यासारखी वाजते: फाउल होता, नाही का? ती ऐकली की दोन्ही प्रशिक्षक उत्तर द्यायला उठतात. अर्थात दरवेळी दोष पंचाच्या फुफ्फुसांचा असतोच असं नाही. रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाचे कॅनडाचे पंच १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचा अंतिम सामना खेळवलेले, म्हणजे थोर माणूस. पण पुढे ब्राझीलमधल्या एका सामन्यात ऐन वेळी त्यांच्या शिट्टीतला मणी अडकला आणि शिट्टी वाजलीच नाही. डोळ्यांदेखत फाउल, हजारो प्रेक्षकांचा गलका, आणि पंचाच्या तोंडातून नुसती हवा. या अपमानातून त्यांनी बिनमण्याची शिट्टी काढली; १९८७ पासून ती 'फॉक्स ४०' या नावानं जगभर गेली. आता आमच्याकडच्या होतकरू पंचांच्या गळ्यातही तीच लटकते. खरी की नकली ते वाजल्यावर समजतं.

याच सामन्यांत मला वाचनाला एक सोबतीण मिळाली. हिंगणघाटकडची आजी, मुलीकडे राहायला आलेली. नातू चौदा वर्षांखालच्या संघात. मुलगी-जावई कामावर, म्हणून आजी त्याला घेऊन यायची आणि टेबलामागच्या कडुनिंबाच्या सावलीत बसायची. तिला चेंडूशी काही देणंघेणं नव्हतं. नातू पडला नाही म्हणजे पावलं. पण पंच काय करतो याचं तिला विलक्षण कुतूहल.

"भाऊ, थो सूत काऊन गुंडाळून राह्यला?"

पंचानं दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या होत्या. मी सांगितलं, चेंडू हातात धरून पोरानं जास्तीची पावलं टाकली. आजीला पटलं. सेवाग्राम इथून आठ किलोमीटर. या जिल्ह्यात कुणी हात गोल फिरवले तर माणसाला आधी सूतच आठवणार.

थोड्या वेळानं पंचानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "बाप्पा! हा तं पांडुरंग झाला." ती ब्लॉकिंगची खूण, समोरच्याच्या वाटेत बेकायदा आडवं आल्याची. आजीनं मान हलवली. तेव्हापासून तिच्या भाषेत त्या फाउलचं नाव पांडुरंगच पडलं. मैदानाची लांबीही अठ्ठावीस मीटर आहे, हे मी तिला सांगितलं नाही. वारकरी घरातली होती, तिनं चपला काढल्या असत्या.

खरा घोळ झाला तो दोन पोरं एकाच चेंडूला मिठी मारून जमिनीवर लोळत होती तेव्हा. पंचानं शिट्टी वाजवून दोन्ही अंगठे वर केले. आजी संतापली. "पोरं मरून राह्यली नं हा म्हन्ते शाब्बास?" जंप बॉलची खूण जगात कुठेही अशीच करतात, याला माझा इलाज नव्हता. पण आजीचा प्रश्न मला अजून पडतो. खुणा ठरवल्या त्या कळणाऱ्यांनी, कळणाऱ्यांसाठी. चौदा वर्षांखालच्या सामन्यात बघणारे बहुतेक आजीसारखे असतात, आणि खेळणारेही काही फार पुढे नसतात. आपण काय केलं हे त्या वयाच्या पोराला खरोखरच माहीत नसतं. तो शिट्टी ऐकून गोठतो आणि वर बघतो. आमच्या पंच मुलीनं इथे आपली एक पद्धत बसवली: टेबलाला खूण करून झाली, की परतताना त्या पोराच्या बाजूनं जायचं आणि दोन शब्द टाकायचे. "हात काढ." "पाय धर." कधी शिट्टीच्या आधीच, "आत तीन सेकंद होतात, बाहेर ये." मोठ्या सामन्यांतले पंचही असं बोलतात, उंच खेळाडूंच्या गर्दीत तर सारखंच. फरक एवढाच, की मोठे खेळाडू ऐकून दुर्लक्ष करतात आणि आमची पोरं ऐकून "हो मॅडम" म्हणतात. त्या "हो मॅडम"च्या नादात चेंडू जातो तो वेगळा.

एकदा तर खूण उलट्या दिशेनं आली. ऐन तिसऱ्या सत्रात, चेंडू खेळात असताना, एका बारक्यानं पंचाकडे बघून करंगळी वर केली. महाराष्ट्रातलं प्रत्येक पोर पहिलीत सगळ्यात आधी शिकतं ती हीच खूण, आणि नियमपुस्तकात तेवढीच नाही. पंच क्षणभर थबकली. टाइमआउट मागायचा अधिकार प्रशिक्षकाचा. पोराचा नाही, पंचाचा तर नाहीच. चेंडू रेषेबाहेर जाताच तिनं प्रशिक्षकाकडे बघितलं, करंगळी किंचित उचलली, आणि प्रशिक्षकानं न बोलता बदली खेळाडू टेबलाकडे पाठवला. तिनं मनगटं छातीसमोर आडवी करून बदलीची खूण दिली. बारका सुटला तो थेट मैदानाच्या मागच्या भिंतीकडे. आजवर पाहिलेल्या पंचगिरीतला सगळ्यात स्वच्छ संवाद मी हाच मानतो.

प्रशिक्षकांशी बोलणं ही वेगळी विद्या. बहुतेक प्रशिक्षक क्रीडाशिक्षक, आणि पंचही क्रीडाशिक्षक. आज हा पंच तर उद्या तो. म्हणून भांडणसुद्धा "सर" लावून चालतं. "सर, हे काय चाललंय सर?" त्यावर "तुम्ही बसा" म्हणणारा पंच पुढची पाच मिनिटं तेच ऐकत राहतो. "हो सर, बघतो" म्हणणारा सुटतो. प्रशिक्षकाला निर्णय बदलून नको असतो; आपण ओरडलो ते कुणाच्या तरी कानावर पडलं, एवढंच हवं असतं. आमच्या पंच मुलीचं वय असं, की दोन्हीकडच्या सरांनी तिला कधी ना कधी शिकवलेलं. तिनं मान तिरकी करून पूर्ण वाक्य ऐकायचं आणि मग फक्त "दिसलं सर" किंवा "नाही दिसलं सर" म्हणायचं ठरवलं. "नाही दिसलं" म्हणणारा पंच त्या सरांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. ते आपोआप खाली बसले.

जुन्या पंचांना हे बोलणं फारसं मानवत नाही. त्यातले बरेच कबड्डी-खो-खोतून आलेले. आपल्या खेळांत ओरडणं हे खेळाडूचं काम. चढाई करणाऱ्यानं कबड्डी कबड्डी ऐकू जाईल असं म्हणायचं, खो देणाऱ्यानं खो मोठ्यानं द्यायचा. पंच शांतपणे दम आणि रेषा बघणार. बास्केटबॉललाही सुरुवातीला खुणांची फारशी गरज नसावी. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथनं स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएत बास्केटबॉल काढला तेव्हा त्याच्या तेरा नियमांत दोन अधिकारी होते, एक माणसं बघणारा आणि एक चेंडू बघणारा. नऊ-नऊ जणांचा खेळ, बंद व्यायामशाळा. हाक मारली तरी भागत असेल. १९३६ ला बर्लिनमध्ये हा खेळ प्रथम ऑलिंपिकला आला आणि त्याचा अंतिम सामना भर पावसात, उघड्यावर, चिखलात झाला. चेंडू टप्पा घेईना. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. त्याच ऑलिंपिकच्या वेळी आपल्या शेजारच्या अमरावतीहून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं होतं आणि त्यांनी तिथे कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. तो चिखलातला सामना त्यातल्या कुणी पाहिला असेल का, हे मला फार दिवस वाटत आलंय. पाहिला असेल तर पंचांची दया आली असेल. आपल्याकडे अशा पावसात खेळाडूचा आवाज तरी ऐकू आला असता.

न बोलता सांगण्याचं काम वर्ध्याला नवं नाही, असं मी त्या जुन्या पंचांना कधीमधी सुनावतो. गांधीजी सोमवारी मौन पाळत. पण त्या दिवशी संवाद बंद नसे, चिठ्ठ्या चालत. २ जून १९४७ ला सोमवारच होता. दिल्लीत फाळणीच्या योजनेवर माउंटबॅटन यांची भेट झाली तेव्हा म्हाताऱ्यानं मौन मोडलं नाही, जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून उत्तरं दिली. ज्याला बोलायचं नाही त्याला लिहावं तरी नीट लागतं. आमचे काही पंच मौनही पाळतात आणि चिठ्ठीही देत नाहीत. विचारलं तर म्हणतात, पंचानं कारण द्यायचं नसतं.

हे एकदा आजीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "आमच्या सासऱ्याच्या वक्ताले कापसाच्या बजारात असंच होतं भाऊ. दोघं दलाल रुमालाखाली हात घालत आन् बोटं दाबत. भाव थे ठरवत. गाडीवाला इकून तिकून रुमालच पाहे." हत्त्याची ती पद्धत पुढे बाजार समित्यांच्या कायद्यांनी बंद पाडली, उघड लिलाव आले. पण हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकेकाळी लिव्हरपूलपर्यंत पोचलेलं, आणि तो पिकवणाऱ्याला आपल्या गाडीचा भाव रुमालावरून ताडावा लागे. आजीनं समोरच्या मुलीकडे बोट केलं. तिनं नुकताच हात उंच करून दोन बोटं दाखवली होती, दोन फ्री थ्रो. "हे बरं. रुमाल नाही."

हंगामाच्या शेवटाकडे आजी माझ्याआधी खुणा ओळखायला लागली होती. आंतरशालेय उपांत्य सामना, शेवटचं सत्र, दोन गुणांचा फरक. तिचा नातू चेंडू घेऊन निघाला आणि मागून एकानं त्याचा हात पकडला. मग दोघं एकमेकांवर आदळले. शिट्टी. मूठ वर. मुलगी आली, थांबली, नंबर दाखवला, आणि मग दोन्ही तळहात पुढे ढकलले: धक्का. बाजूच्या रेषेपासून आधी पकडलेला हात स्पष्ट दिसत होता, तिच्या कोनातून कदाचित फक्त धक्का दिसला असेल. फाउल त्याच पोराचा, शिक्षाही तीच. कुणी काही बोलायचं कारण नव्हतं.

आजी उठली. डाव्या हाताचं मनगट उजव्या हातानं घट्ट धरलंन आणि दोन्ही हात डोक्यावर उंच नेले. पकडल्याची खूण बरोबर होती, दिशा सोडून. पकडणं दाखवताना मनगट खाली धरतात. वर नेलं की ती अखिलाडूपणाची खूण होते, दोन फ्री थ्रो आणि वर पुन्हा चेंडू. म्हणजे आजी नकळत फारच मोठी शिक्षा मागत होती. समोरचे सर ताडकन उठले. "मॅडम, हे काय, बाहेरची माणसं आता फाउल देणार का?"

मुलीनं त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं. "दिसलं सर," म्हणाली. मग टेबलाच्या बाजूनं परत जाताना तिनं कडुनिंबाकडे बघितलं आणि तिच्या नेहमीच्या दोन शब्दांत सांगितलं, "आजी, हात खाली."

आजीनं मनगट तसंच धरून हात खाली आणले. "हो, थेच तं म्हनून राह्यली मी."

मी निळ्या पेनानं त्या पोराच्या नावापुढे पी लिहिला. पकडणं असो, ढकलणं असो की पांडुरंग, स्कोअरशीटवर सगळ्यांना एकच अक्षर आहे.